दोन शिटा अजून

मे महिना, संध्याकाळचे साडेपाच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत डांबरातून अजून धग येते आहे. पत्र्याच्या शेडमधून मागांचा खडखडाट. दारात टेम्पो, त्यावर टॉवेलचे गठ्ठे चढताहेत. फुटपाथ नाहीच. काठी टेकत एक आजोबा गटाराच्या कडेकडेने येतात. मागून ट्रक हॉर्न मारतो. आजोबांना ऐकूच जात नाही. एक पोरगा बाही धरून त्यांना बाजूला ओढतो.

चहाच्या टपरीपाशी लिंबाखाली त्यांची मंडळी जमली आहे. दोघं दगडावर, एक पालथ्या क्रेटवर, एक उभाच. मराठीत तेलुगू, तेलुगूत मराठी.

"गोळ्या घेतल्या का बे?"

"आं?"

"गोळ्या!"

आयुष्य मागावर गेलं, कान तिथंच राहिले. म्हणून सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघतात. बागेतल्यासारखा रस्त्याकडे तोंड केलेला लांब बाक यांच्या काय कामाचा? यांना समोरासमोर दोन कट्टे हवेत. तेवढ्यात लाईट जाते. माग थांबतात. यांचं ओरडणं मात्र चालूच. कोणाच्या सुनेने काय केलं, ते आता अख्ख्या रस्त्याला कळतं.

मी पुढे कुंभारीकडे निघतो. विडी घरकुल. 2006 मध्ये इथली 10 हजार घरं विडी कामगार बायकांच्या हाती आली. उंबऱ्याउंबऱ्यावर म्हाताऱ्या, मांडीवर सुपं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोलणं थांबत नाही, बोटंही थांबत नाहीत. सावली सरकते तशा त्या पलीकडच्या ओट्यावर सरकतात. 2007 साली जगभरातल्या 33 शहरांत ज्येष्ठांना विचारून, त्यांना शहरात काय लागतं याची एक यादी झाली होती: सावली, बसायला जागा, स्वच्छ शौचालय, चढता येईल अशी बस. या गल्लीत त्यातली पहिली दोन बायकांनी आपापली जमवली आहेत. उरलेली दोन ओट्यावर बसून कशी जमणार?

नाक्यावर शेअर रिक्षांची रांग. घर इथं मिळालं, पण जुन्या शेजारणी राहिल्या शहरात, पूर्व भागात. एक आजी दांडा धरून कशीबशी चढतात. आत उकडतं आहे. रिक्षावाला ओरडतो, "दोन शिटा, दोन शिटा!" कोणीच येत नाही. आजी पदराने वारा घेतात आणि शेवटी त्याच्या पाठीत बोट खुपसतात.

"आरं चल की! बोलायला जायचंय मला, झोपायला न्हाई!"