फाट्यापर्यंत सायकल, पुढे एसटी

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर ठिकठिकाणी फाटे लागतात. फाट्यावर चहाचे हॉटेल, एखादे पंक्चरचे दुकान आणि एसटीची वाट पाहणारी माणसे असतात. गाव मात्र तिथे नसते. ते आत असते. दोन, तीन, कधी चार किलोमीटरवर. शाळा-कॉलेज, दवाखाना, कचेरी किंवा बाजारासाठी शहर गाठणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा याच तुकड्यात असते. चालत जावे तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसावे, तर त्याच्या सवडीने निघावे लागते. मग घरात हप्त्यावर मोटारसायकल येते आणि फाट्याच्या पुढचा सगळा महामार्गही तिच्यावरच कापला जातो.

या तुकड्यासाठी सायकल पुरेशी आहे. सगळा प्रवास सायकलने करण्याचा आग्रह इथे नाही. गावरस्त्यावर सायकल, महामार्गावर एसटी, अशी ही वाटणी आहे. भरधाव ट्रकच्या शेजारून सायकल चालवण्याचा धोका त्यात टळतो आणि एसटी जिथे पोहोचत नाही तिथे सायकल पोहोचते.

हिशेब सोपा आहे. माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. बिनगिअरची साधी सायकल १५ किलोमीटर जाते. म्हणजे तीन किलोमीटरला चालत ३६ मिनिटे आणि सायकलने १२. दुसऱ्या बाजूने पाहा. पंधरा मिनिटांत चालणारा सव्वा किलोमीटर जातो, सायकलवाला पावणेचार. अंतर तिप्पट झाले की थांब्याभोवतीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ नऊपट होते. एकही नवी बस न सोडता तोच थांबा नऊपट मोठ्या परिसराच्या उपयोगी पडतो.

शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. फाटा तीन किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन २४ मिनिटे होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १४४. बसस्थानकापासून कामाच्या जागेपर्यंतचे चालणे मिळवले की १५० सहज ओलांडले जातात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मिश्र प्रवासाचा थेट अभ्यासही झाला आहे. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला शोधनिबंध २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारीने किंवा सार्वजनिक वाहनाने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत, पूर्ण प्रवास सायकलने करणाऱ्यांमध्ये पाहणीच्या काळातील मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. काही अंतर सायकलने आणि उरलेले दुसऱ्या वाहनाने जाणाऱ्यांमध्येही तो २४ टक्क्यांनी कमी होता. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपल्याकडचा पुरावाही त्याच दिशेचा आहे. लखनऊ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरू येथील कारखान्यांतील कामगार व त्यांच्या भावंडांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. खासगी वाहनाने कामावर जाणाऱ्यांपैकी निम्म्यांचे वजन जास्त होते. बस-रेल्वेने जाणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर सायकलने जाणाऱ्यांत सुमारे एक चतुर्थांश होते. सायकलस्वारांमध्ये उच्च रक्तदाब आणि मधुमेहही कमी आढळला. पायडल मारताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतो. शिवाय शरीराचे वजन सीटवर असल्याने गुडघ्यांवर भार कमी येतो.

मुलींचे शिक्षण

या तीन किलोमीटरवर सर्वांत जास्त काही अवलंबून असते ते मुलींचे. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींचा प्रवेश त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढला. ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत झाली.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. नांदेड जिल्ह्याचा त्यात समावेश आहे. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणारीला सायकल आणि दूरच्या मुलींसाठी निळी बस, अशी ही मांडणी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीटही आहे. पण पंधरा-वीस किलोमीटरवरच्या कॉलेजला जाणाऱ्या आणि घरापासून तीन किलोमीटरवर एसटी पकडणाऱ्या मुलीला सायकल आणि बस दोन्ही लागतात. तिचा विचार योजनांनी एकत्रितपणे करायला हवा. संध्याकाळची बस उशिरा आली आणि फाट्यावरून अंधारात चालत यावे लागले, की घरातून पहिला प्रश्न शिक्षण थांबवण्याचाच निघतो.

सायकल ठेवायची कुठे?

अडते ते इथे. दिवसभर फाट्यावर सायकल सोडायची तर चोरीची भीती, उन्हाने टायर खराब होण्याची काळजी. सध्या हॉटेलवाल्याच्या ओळखीवर काम भागते. पत्र्याची शेड, साखळीने सायकल बांधता येईल अशा जमिनीत पक्क्या केलेल्या लोखंडी नळ्या, एक दिवा आणि हॉटेलसमोरची, चार माणसांच्या नजरेतली जागा एवढेच लागते. ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले हे काम आहे. नेदरलँड्समध्ये रेल्वेचे सुमारे निम्मे प्रवासी स्टेशनवर सायकलने येतात. उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींची जागा आहे. आपल्या फाट्याला वीस सायकलींची पुरेल.

शहराच्या टोकालाही हाच प्रश्न आहे. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यानिमित्त नांदेडचे प्रमुख रस्ते नव्याने बांधताना पदपथाबरोबर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली गेली. ती सायकलींसाठी मोकळी राहिली तरच उपयोगाची. लातूरच्या क्लासेसच्या भागात विद्यार्थ्यांच्या सायकली आजही रांगेने दिसतात. बसस्थानकाजवळ सुरक्षित सायकल स्टँड असेल तर रोज ये-जा करणाऱ्याला तिथे एखादी जुनी सायकल कायमची ठेवता येईल आणि रिक्षाचे भाडे वाचेल.

काळजी कोणती घ्यावी?

मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. सकाळची शाळा सुटल्यावर एसटी भर दुपारी फाट्यावर सोडते, तेव्हाचे तीन किलोमीटर सर्वांत कठीण. शक्य तर सावलीत थांबून ऊन उतरल्यावर निघावे. डोक्याला रुमाल आणि सोबत पाणी हवेच. चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवली तर लगेच सावलीत थांबावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून अंग ओले करीत तातडीने दवाखान्यात न्यावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये अडकून चाकच फिरत नाही, म्हणून गावरस्ता पक्का असणे हीसुद्धा आरोग्याचीच गरज आहे.

पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा लावावा. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या ग्रामसभेत फाट्यावरच्या सायकल शेडचा विषय मांडता येईल. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी लागते.