सेवेस जाण्यापूर्वी

परदेशी जाऊन ख्रिस्ती सेवा करणे, असे म्हणताच आपणां मराठी लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. सन १८१३ त गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती मुंबईस उतरले, तेव्हापासून दूरदेशीचा मनुष्य यावा, त्याने शाळा किंवा दवाखाना काढावा आणि आपण त्याचा लाभ घ्यावा, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. आमच्यासारख्यांचे शिक्षण त्या क्रमातूनच झाले, तेव्हा त्याविषयी कृतज्ञतेवाचून दुसरे काही बोलणे आम्हांस शोभणार नाही. परंतु प्रस्तुत लेखात ज्या सेवेची हकीकत आम्ही सांगणार आहो, तिची रीत निराळी आहे. तीत जाणारा तरुण काही देण्याकरिता म्हणून निघत नाही. ‘आम्हांस तुमच्या दारी काम करू द्याल काय?’ असे विचारण्याकरिता तो निघतो. आणि असे विचारावयाचे म्हणजे तयारीही तशीच निराळी करावी लागते.

ही सेवा जर्मनीतील होय. तिच्या संस्थेच्या नावाचा मराठीत अर्थ करावयाचा तर ‘प्रायश्चित्ताचे चिन्ह’ असा होईल. तिचे जनक लोथार क्रायसिग (१८९८–१९८६) हे ब्रांडेनबुर्ग शहरी न्यायाधीश होते. ज्यांस स्वतःचा व्यवहार पाहता येत नाही अशा मनोरुग्णांचे हित पाहणे हे त्यांच्या न्यायालयाचे काम. सन १९४० त आपल्या आश्रितांच्या मृत्यूच्या वार्ता एकामागून एक येत आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. हिटलरच्या सरकारने अशा दुबळ्या माणसांस गुपचूप ठार मारण्याचे सत्र आरंभिले होते. क्रायसिग यांनी न्यायमंत्र्यास लेखी जाब विचारला, आणि आपल्या परवानगीवाचून एकाही आश्रितास हलवू नये, असे रुग्णालयांस बजावले. ‘ही राष्ट्रनायकाचीच इच्छा आहे’ असे सांगण्यात आले, तरी इच्छा म्हणजे कायदा नव्हे, या मतापासून ते ढळले नाहीत. सन १९४२ त त्यांस सक्तीने सेवानिवृत्त करण्यात आले.

असा मनुष्य युद्ध संपल्यावर ‘मी तर विरोध केला होता’ असे म्हणून स्वस्थ बसता, तर त्यास कोणी नावे ठेविली नसती. त्याने तसे केले नाही. सन १९५८ च्या एप्रिलात बर्लिनमध्ये जर्मनीच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची महासभा भरली असता क्रायसिग यांनी एक विनंतीपत्र वाचून दाखविले. युद्ध आम्ही जर्मनांनी सुरू केले, लक्षावधी यहुद्यांचा आम्ही संहार केला, आणि आम्हांपैकी ज्यांस हे नको होते त्यांनीही ते थांबविण्यासाठी पुरेसे केले नाही, असा त्याचा आशय होता. म्हणून पोलंड, रशिया आणि इस्राएल येथील लोकांनी आपल्या भूमीवर आमच्या हातांनी काही चांगले काम करण्याची अनुज्ञा द्यावी, एवढेच मागणे. वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती एखाद्या राष्ट्रास लावून पाहण्याचे धाडस क्वचितच कोणी केले असेल.

अनुज्ञा मागितली म्हणजे ती मिळतेच, असे नाही. पोलंड व रशिया यांची दारे राजकारणामुळे त्या वेळी बंद होती. म्हणून पहिल्या तुकड्या सन १९५९ त नॉर्वे व हॉलंड या देशांत गेल्या. नॉर्वेच्या उत्तर टोकास फिनमार्क नावाचा प्रांत आहे. सन १९४४ त माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तेथील घरे, नावा, देवळे सरसकट जाळिली होती. त्याच प्रांतातील कोकेल्व गावी जर्मन तरुणांनी उपासनामंदिर बांधून दिले. इंग्लंडात कॉव्हेंट्रीचे मुख्य मंदिर सन १९४० च्या नोव्हेंबरात बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते. त्याच्या भग्नावशेषांतही या तरुणांनी गवंडीकाम केले. इस्राएलात प्रवेश मिळाला तो सन १९६१ त, म्हणजे यहुद्यांच्या संहारातील एक प्रमुख अधिकारी आइकमन याच्यावर जेरुसलेमात खटला चालला होता त्याच वर्षी. त्या देशात तेव्हा जर्मन भाषेचा नुसता ध्वनी कानी पडला तरी कित्येकांच्या अंगावर काटा येत असे. अशा ठिकाणी जाणाऱ्या विशी-बाविशीच्या मुलास फावडे चालविता येणे पुरेसे नव्हते, हे उघड आहे.

आता इमारती बांधण्याचे काम फारसे राहिलेले नाही. आजचे सेवक बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचे असतात, शाळा नुकतीच सोडून आलेले. छळछावण्यांतून वाचलेले जे थोडे वृद्ध अद्यापि हयात आहेत, त्यांस भेटणे, त्यांचा बाजारहाट करणे, त्यांजपाशी बसणे. स्मारकसंग्रहालयांतून येणाऱ्यांस माहिती देणे. अपंगांच्या आश्रमांत हाताखाली राबणे, अशी त्यांची कामे असतात. वेतन नाही. राहण्याची सोय, जेवणखाण, विमा आणि किरकोळ हातखर्च एवढेच.

तयारी मात्र जवळजवळ एक वर्ष आधी सुरू होते. अर्ज आदल्या वर्षीच करावयाचा असतो. मग उमेदवारांस काही दिवस एकत्र राहण्यास बोलावितात. बोलण्याचालण्यात, एकमेकांचे ऐकून घेण्यात, मतभेद सोसण्यात कोण कसा आहे, हे तेथे दिसून येते. आणि आमच्या मते कोणत्याही लेखी परीक्षेपेक्षा ही कसोटी खरी. पुढे ज्या देशी जावयाचे तेथील भाषेशी झटापट सुरू होते. पोलिश भाषा जर्मन मुलास आपल्या मुलांस तमिळ वाटेल तितकीच परकी वाटते. सेवकाने आपले नातलग, शेजारी, मंडळीतील परिचित यांतून काही पाठीराखे मिळवावयाचे असतात. ते दरमहा थोडीथोडी रक्कम देतात, आणि सेवक त्यांस आपल्या कामाची हकीकत लिहून कळवितो. मुलगा एकटा परदेशी जात नाही, गल्लीतली दहापंधरा घरे त्याच्याबरोबर जातात, हा त्यातला लाभ पैशाहून मोठा.

निघण्यापूर्वीच्या शिबिरात इतिहासाचा अभ्यास असतो. पुस्तकातील इतिहास एक वेळ सोपा. पण ‘त्या काळी आपल्या घरचे लोक कोठे होते, काय करीत होते?’ हा प्रश्न येतो, तेव्हा खरी कठीण वेळ. कित्येक घरांतून या गोष्टींवर दोन पिढ्या कोणी शब्द काढिलेला नसतो. पणजोबांची तसबीर भिंतीवर असते, त्यांच्या अंगावरील गणवेश कोणता, हे कोणी सांगत नाही. ते विचारून मग जावयाचे.

येथे आमचे विद्यार्थी म्हणतील, पणजोबाच्या पापाचे प्रायश्चित्त पणतवाने का घ्यावे? शंका रास्त आहे. पाप वारशाने येत नाही, असेच आम्हीही मानतो. परंतु वडिलोपार्जित घरात जो राहावयास जातो, त्यास त्या घरावरील गहाणखत माझे नव्हे, असे म्हणता येत नाही. ऋण त्याने केलेले नसते. पण सावकार दारी आला तर त्याच्याशी बोलावयाचे कोणी? आणि या बाबतीत सावकार दारीसुद्धा येत नाही. ऋणकोच त्याचा पत्ता शोधीत जातो.

पालकांसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मुलगी वर्षभर दूर राहणार म्हटल्यावर तिच्या पेटीत काय काय भरावे, याची चिंता आईस असते, आणि ती असावयाचीच. या सेवेकरिता जाणाऱ्या मुलांस पेटीपेक्षा अधिक लागते ती एक सवय: वृद्ध मनुष्य बोलू लागला की मध्येच न बोलण्याची. तो गप्प राहिला तर त्यास बोलते न करण्याची. छावणीतून वाचलेल्या कित्येकांस जर्मन भाषा येते, पण ती त्यांनी पहारेकऱ्यांच्या हुकमांतून ऐकलेली असते. त्याच भाषेत आता कोणी ‘चहा आणू का?’ असे विचारीत आहे, हे त्यांच्या कानांस पटावयास किती दिवस लागतील, ते कोणत्याही शिबिरात शिकविता येत नाही.