बंद दालनातील रहस्य

मुंबई–आग्रा मार्गावरील सोनगीरकरांस मुक्कामाच्या गावाचे महत्त्व ठाऊकच आहे. जपानमध्येही राजमार्गांवर सरदारांच्या मुक्कामासाठी ‘होन्जिन’ ही मानाची घरे असत. सेइशी योकोमिझो यांची १९४६ साली क्रमशः प्रसिद्ध झालेली रहस्यकथा अशाच एका घराण्यात घडते. विवाहाच्या रात्री नवदांपत्य रक्ताच्या थारोळ्यात सापडते. दालन आतून बंद. बाहेर बर्फात रोवलेली तलवार, मात्र परतीचे एकही पाऊल उमटलेले नाही. किंदाइची हा शोधक वाचकांस प्रथम येथेच भेटला. १९४८ साली या कादंबरीस जपानी रहस्यकथाकारांच्या संस्थेचा पहिला पुरस्कार मिळाला. उकल येथे सांगणे उचित नव्हे. परंतु कुळाचा अभिमान माणसाहून थोर ठरला, की घराचे दार आतूनच बंद होते. सोयरीक जुळविताना एवढे स्मरणात असावे.