संख्याशास्त्रासाठी कोणता कॅल्क्युलेटर घ्यावा?

चिखलदऱ्याहून परतवाड्याला कॅल्क्युलेटर घ्यायला निघालेल्या शेजारच्या पोरीनं विचारलं, "दादा, महागाचाच घ्या लागते काय?"

अजिबात नाही!

पदवीच्या संख्याशास्त्राला कॅसिओचा एफएक्स-८२एमएस पुरतो. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध गुणांक, प्रतिगमन रेषा, सगळं त्यात निघतं. प्रसामान्य वितरणाची क्षेत्रफळं तेवढी तक्त्यातून पाहायची. तीही यंत्रावरच हवी असतील तर एफएक्स-९९१एमएस घ्या. आलेख काढणारा महागडा मात्र सरांना विचारल्याशिवाय घेऊ नका; परीक्षेत चालेलच असं नाही.

दुकानातच तपासून घ्या. ८२एमएसवर मोड आणि २ दाबलं की एसडी येतं. मग शिफ्ट, सीएलआर, १ आणि बरोबरचं चिन्ह. यानं आधीचे आकडे पुसले जातात. ही पायरी कधीच गाळू नका, नाहीतर जुने आकडे नव्यात मिसळतात.

आता २, ४, ६ भरा, प्रत्येकानंतर एम प्लस. शिफ्ट आणि २, मग १ आणि बरोबरचं चिन्ह दाबून सरासरी काढा: ४.

तिथंच विचलनं दोन आहेत. एन-नं भागलेलं १.६३३, एन-१ नं भागलेलं २. प्रश्नात नमुन्यावरून समष्टीचा अंदाज मागितला असेल तर दुसरं.

तुमच्याकडे वेगळं मॉडेल असेल तर खाली लिहा, त्याची बटणं सांगतो.