वटवृक्षाखालची पेढी

मुंबईच्या शेअरबाजाराचे जन्मस्थान विचारले असता बहुतेकांची बोटे दलाल स्ट्रीटवरील उत्तुंग इमारतीकडे वळतात. वस्तुतः ते श्रेय टाउन हॉलसमोरील पटांगणात, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, उभ्या असलेल्या वटवृक्षाकडे जाते. 1833 साली टाउन हॉलची ती स्तंभयुक्त वास्तू पूर्ण झाली, तेव्हा समोर आजचे वर्तुळाकार उद्यान नव्हते; तेथे कापसाच्या गाठींचे ढीग रचलेले असत आणि 1844 साली तो बाजार कुलाब्यास हलविला जाईपर्यंत हे मैदान व्यापाऱ्यांच्या पायाखालचेच होते.

1850 नंतरच्या दशकात मूठभर गुजराती आणि पारशी दलाल या वडाखाली जमू लागले. त्यांना ना गादी, ना दफ्तर, ना जागेची सनद. परंतु भाड्याचा तगादा न लावणारी आणि दुपारचे ऊन अंगावर न येऊ देणारी अशी दुसरी कचेरी कोटात कोठे मिळणार? बँकांचे आणि कापूस-प्रेसांचे भाग तेथेच तोंडी सौद्यांनी हातोहात फिरत. संख्या वाढली तशी ही मंडळी सुमारे दशकभराने मेडोज स्ट्रीटच्या नाक्यावरील वडांच्या छायेत गेली, म्हणजे बाजाराने झाड बदलले, पण वडाची संगत सोडली नाही.

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईत सोन्याचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धुरंधरांच्या इशाऱ्यावर भाव उसळत आणि ज्यांना ताळेबंद वाचता येत नव्हता तेही भाग घेऊन मोकळे होत. 1865 साली युद्ध संपले. 1 जुलैला वायद्याचे शेकडो सौदे एकदम भरण्यास आले आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांचीही दिवाळी निघाली. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग 2850 रुपयांपर्यंत चढला होता, त्यास 87 रुपयेच मिळू लागले.

या आपत्तीतून जे दलाल तगले, त्यांनाही स्वस्थता नव्हती. जेथे जावे तेथे गर्दी रस्त्यावर सांडे. अखेर 1874 साली त्यांना एक कायमची गल्ली लाभली, तीच दलाल स्ट्रीट; आणि पुढल्याच वर्षी 318 जणांनी प्रत्येकी एक रुपया प्रवेश फी भरून आपली रीतसर संस्था स्थापन केली.