दुकान सांभाळून आगीवर धावणारे : होमगार्डचा अर्ज, कागदपत्रे आणि मालकाचे पत्र

कापसाची गाठ आतून जळते. वरून पाणी मारले, ज्वाळा बसल्या, लोक आपापल्या घरी गेले, आणि चार तासांनी तीच गाठ पुन्हा धुमसू लागते. कापडाच्या धंद्यात ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, त्याच्या हाती गोदामाची किल्ली देऊ नये. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली, ती कापसाच्या गाठींतच लागली होती. त्याच जहाजात दारूगोळाही भरलेला होता. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, त्यामागून दुसरा. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले. दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्याच आठवणीत. आमच्या बाजारात तो फलक लावण्यापुरताच येतो आणि जातो.

भंडारा जिल्ह्याला हा विषय परका नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. 17 बालकांपैकी 10 दगावली, 7 वाचवता आली. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान 8 कामगारांचे प्राण गेले. या मोठ्या दुर्घटना वर्तमानपत्रात येतात. परंतु धानाच्या गिरणीतला कोंडा, बिडी कारखान्यातली तेंदूपत्त्याची पोती, आंधळगाव-मोहाडीकडचे कोशाचे माग, भंडाऱ्याच्या पितळ कारागिरांच्या भट्ट्या, आणि आम्हा कापडवाल्यांची कोंदट माळ्याची दुकाने, इथली आग गावातल्या गावात विझते किंवा गावातल्या गावात सगळे खाऊन जाते. साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसरकडच्या खेड्यात बंब पोहोचेपर्यंत जे काय व्हायचे ते झालेले असते. पहिल्या दहा मिनिटांत हाताशी कोण आहे, यावर सारे अवलंबून आहे.

परदेशात यावर एक तोड काढलेली आहे. इंग्लंडच्या लहान गावांत अग्निशमन केंद्रावर दिवसरात्र बसून राहणारे पगारी जवान नसतात. गॅरेजवाला, खाटीक, दुकानातला नोकर, शाळेतली शिक्षिका असे लोक नाव नोंदवतात, कमरेला सूचना देणारे यंत्र लावतात आणि ते वाजले की साधारण पाच मिनिटांत केंद्रावर हजर होतात. त्यामुळे अर्ज करणाऱ्याला पहिला सवाल असतो, तू राहतोस कुठे आणि काम करतोस कुठे? त्यानंतर शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण. त्यांना मोबदला मिळतो, पण मूळ धंदा सुटत नाही. जर्मनीत तर असे स्वयंसेवक दहा लाखांच्या घरात आहेत. तिथे कामगार कामाच्या वेळेत आगीवर गेला तर त्याचा पगार कापला जात नाही, आणि खासगी मालकाला ती रक्कम नगरपालिकेकडून परत मागता येते. ही गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंनी जरा ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या नगरपरिषदांत ही पद्धत रुळलेली नाही. त्याच्या सर्वांत जवळची जी वाट आहे ती होमगार्डची. होमगार्ड म्हणजे गणपती, ईद, दुर्गोत्सव आणि निवडणुकीच्या बंदोबस्तात उभा असलेला खाकी पोशाखातला माणूस, एवढेच बहुतेकांना माहीत असते. खरे म्हणजे डिसेंबर 1946 मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात हे दल उभे राहिले आणि 1947 च्या मुंबई होमगार्ड कायद्याने त्याला पाया मिळाला. 1962 च्या चीन युद्धानंतर देशभर त्याची एकसारखी रचना झाली. पोलिसांना मदत हे त्याचे एक काम. आग, पूर, भूकंप, साथीचे रोग यात धावणे हे दुसरे. प्रशिक्षणात कवायतीबरोबर प्रथमोपचार, अग्निशमन आणि ढिगाऱ्यातून माणसे काढणे, म्हणजे विमोचन, यांचाही समावेश आहे. ही मानसेवी सेवा आहे, नोकरी नव्हे. आपली शेती, दुकान, कारागिरी सांभाळून करायची. मात्र बोलावणे आले की जावेच लागते. सबळ कारणाशिवाय न जाणे हा कायद्याने गुन्हा आहे. कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षणही त्याच कायद्याने दिले आहे.

आता अर्जाचे बघू. नोंदणी बारमाही नसते. जिल्ह्याच्या पथकात जागा रिकाम्या झाल्या की जाहिरात निघते. 2024 च्या उन्हाळ्यानंतर राज्यभर अशी मोठी नोंदणी झाली, तेव्हा अर्ज ऑनलाइन भरायचे होते. त्या वेळच्या अटी अशा होत्या: वय 20 ते 50, शिक्षण किमान दहावी पास, आणि ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतली जागा असेल त्याच हद्दीतला रहिवासी. पुरुषाची उंची 162 सेंटिमीटर, छाती न फुगवता 76 आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. महिलेची उंची 150 सेंटिमीटर. पुरुषाला 1600 मीटर धाव आणि गोळाफेक, महिलेला 800 मीटर धाव आणि गोळाफेक. आयटीआयचे प्रमाणपत्र, एनसीसीचे बी किंवा सी प्रमाणपत्र, किंवा जड वाहन चालवण्याचा परवाना असेल तर त्याचे वेगळे गुण. आमच्या मोहल्ल्यात वेल्डर, फिटर आणि ट्रक ड्रायव्हर पोरांची कमी नाही. हे गुण त्यांच्यासाठीच ठेवले आहेत असे समजा. वयाची मर्यादा 50 असल्यामुळे आमच्यासारख्यांची वेळ निघून गेली, परंतु तिशी-चाळिशीतल्या कारागिराला धावेची सराव-दौड केल्यावर अशक्य असे यात काही नाही. मैदानावर उन्हात पहिल्यांदाच 1600 मीटर पळायचा प्रयत्न करणाराच मागे पडतो.

जास्त अर्ज अडतात ते कागदावर. आधार कार्ड आणि मतदार ओळखपत्र दोन्ही हवेत. दहावीचे प्रमाणपत्र हवे. जन्मतारखेसाठी तेच, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला. तीन महिन्यांच्या आतले पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र हवे. आणि इथे आमच्या समाजाची जुनी अडचण उभी राहते. उर्दू शाळेच्या दाखल्यावर नाव एका तऱ्हेने, बोर्डाच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने, आधारवर तिसऱ्या तऱ्हेने. समजा, एका ठिकाणी ‘शेख’ आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. कुठे ‘मोहम्मद’ पूर्ण, कुठे नुसते ‘मो.’. कुठे बापाचे नाव आहे, कुठे नाहीच. उर्दूत जे अक्षर एक आहे ते मराठीत कधी ‘ज’ होते, कधी ‘झ’. घरात याने काही बिघडत नाही. तपासणीच्या टेबलावर मात्र ती दोन माणसे ठरतात. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, म्हणून हे तपशिलाने लिहितो.

यावरचा व्यवहारी उपाय असा की दहावीच्या बोर्डाचे प्रमाणपत्र मूळ धरावे, कारण ते बदलणे सर्वांत कठीण. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारमधील नावाची दुरुस्ती आधार केंद्रावर होते. मतदार यादीतील दुरुस्तीसाठी नमुना 8 भरावा लागतो. नावात फारच फरक असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेण्याची सोय आहे. या सगळ्याला वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्याची मुदत टळते. आज ज्याला सवड आहे त्याने आजच कागद पाहून घ्यावेत. चारित्र्य प्रमाणपत्र मात्र आधी काढून ठेवू नये, ते तीन महिन्यांत शिळे होते.

आता मालकांविषयी दोन शब्द, कारण हे पान वाचणारे बहुतेक मालकच आहेत. खासगी नोकरीत असलेल्या उमेदवाराला मालकाचे ना हरकत पत्र जोडावे लागते. इथे अनेक पोरांची गाडी थांबते. शेठ म्हणतो, सणासुदीत माझे गिऱ्हाईक उभे राहील आणि तू चौकात शिटी वाजवत उभा राहशील, तर दुकान कोण बघणार? शेठचे चुकीचे नाही. बंदोबस्त लागतो तो नेमका सणात, आणि कापडाचा धंदा होतो तोही सणात. जर्मनीसारखी भरपाई आपल्याकडे मिळत नाही. तरीही आमचे मत असे की चार-पाच नोकरांच्या दुकानात एकाला असे पत्र द्यावे. ज्याला आग कशी आवरायची याचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळाले आहे असा माणूस उरलेले दिवस तुमच्याच गल्ल्याजवळ उभा असतो. विम्याचा हप्ता आपण मुकाट्याने भरतोच ना? पत्र देताना नोकराशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावे: कर्तव्याच्या दिवसाची दुकानाची मजुरी द्यायची की नाही, आणि बदली माणूस कोण. हे तोंडी राहिले तर पुढे मने दुखावतात.

मोबदला मिळतो, पण तो कर्तव्याच्या दिवसाचाच. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने रोजचा कर्तव्य भत्ता 570 रुपयांवरून 1083 रुपये केला. पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि महिन्यात किती दिवस काम लागेल याची हमी नाही. त्या भरवशावर चालता धंदा सोडणे वेडेपणाचे ठरेल. सदस्यत्व तीन वर्षांचे असते, पुढे पुनर्नोंदणी होते. तीन वर्षे सेवा झालेल्याला पोलीस, वन विभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत 5 टक्के आरक्षण आहे. जवान पोरांसाठी हाच या दलाचा मोठा फायदा.

ज्याला अग्निशमन हाच पेशा करायचा आहे त्याची वाट वेगळी. मुंबईत सांताक्रूझला राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम होतो. आणि देशभरातून मुले जिथे शिकायला येतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या शेजारी नागपुरात आहे, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. आमच्या किती मुलांनी त्याचा दरवाजा पाहिला आहे? पुराच्या कामाची आवड असणाऱ्याने जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ योजनेची चौकशी करावी. ऑगस्ट 2020 अखेरचा वैनगंगेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना त्याची गरज सांगायला नको.

होमगार्ड व्हा किंवा न व्हा, आपल्या मालाची आग आपल्याला ओळखता आली पाहिजे. सुती गाठीवर पाणी मारून भागत नाही, ती उकलून भिजवावी लागते. पॉलिस्टर वितळून टिपकते आणि अंगाला चिकटते. त्याचा धूर माणसाला ज्वाळेच्या आधी मारतो. वीज बंद केल्याशिवाय बोर्डावर पाणी टाकू नये. पितळेच्या भट्टीतल्या वितळलेल्या धातूवर तर कधीच नाही. पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. भिंतीवरच्या लाल नळकांड्याचा काटा हिरव्या पट्टीत आहे का, हे महिन्यातून एकदा पाहावे. बऱ्याच दुकानांत त्या नळकांड्यावर हँगर टांगलेले दिसतात.

मोठ्या इमारतीत दुकान किंवा गोदाम असणाऱ्यांनी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 विसरू नये. त्याच्या कक्षेतील इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे ‘नमुना ब’चे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. भाड्याने बसलेल्यांनी हे काम घरमालक करतो की आपण, याचा खुलासा भाडेपट्टीतच करून घ्यावा.

पुढच्या नोंदणीची तारीख जाहीर झाली की जिल्हा होमगार्ड कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात तिची माहिती मिळते. तोवर कागद जुळवणे, सकाळची दौड आणि शेठशी बोलणे, एवढे तीन काम उरकता येण्यासारखे आहेत. आग लागली तर क्रमांक 101, नाहीतर 112.