क्षेत्रकार्य आणि प्रश्नाची भाषा

परक्या समाजाची संस्कृती जाणावयाची तर त्याच्यात जाऊन राहावे, ही पद्धती मानवशास्त्रात ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांच्या ट्रोब्रिअंड बेटांवरील वास्तव्यानंतर (१९१५–१८) रूढ झाली. तीतील भाषेचे महत्त्व मात्र नागपुरास त्यापूर्वीच उमगले होते. येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे कथागीत परधानाच्या तोंडून मूळ गोंडीतच उतरवून घेतले. १८६३ मध्ये ते बुडून मृत्यू पावले; त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे रसेल व हिरालाल यांच्या चतुःखंडात्मक ग्रंथात (१९१६) विपुल माहिती आली, परंतु ती कोणत्या भाषेत विचारली गेली हे तेथे क्वचितच कळते.

ही उणीव किरकोळ नव्हे. मराठीत चुलतबहीण आणि मामेबहीण या दोघीही ‘बहिणी’च. (मामेबहिणीशी विवाह अनेक मराठी जातींतही होतो, शब्द तेवढा बदलत नाही.) गोंडांत चुलत व मावस भावंडे सख्ख्यांप्रमाणे गणली जातात, आते-मामे भावंडांचा वर्ग निराळा असून त्यांच्यातील विवाह इष्ट मानला जातो. तेव्हा ‘तुमच्यात बहिणीशी लग्न होते काय?’ या मराठी प्रश्नास मिळणारा नकार खरा असूनही फसवा ठरतो. त्यापेक्षा डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या रीतीने वंशावळ घ्यावी, एकेका व्यक्तीविषयी विचारावे आणि उत्तरातील गोंडी शब्दाशेजारी आपला मूळ प्रश्नही लिहून ठेवावा. अर्थात, विश्वास बसल्यावाचून वंशावळ कोणी सांगत नाही, आणि त्याला महिने लागतात.